पदराच्या गाठीतला फ्यूज

बाबा, आज तुमच्या पिशवीतला स्क्रूड्रायव्हर काढला आणि इथे शहापुरात आमचा गीझर मीच उघडला. हसू नका. पाणी तापायचं थांबतच नव्हतं, सकाळी सासूबाईंचा हात भाजता भाजता वाचला, आणि वायरमन म्हणतो, "सोमवारी बघू." म्हणून बाजारातून नवा थर्मोस्टॅट आणला आणि स्टुलावर चढले. दुपारचं लोडशेडिंग, पाचशिवाय लाइट येत नाही. म्हटलं, याहून चांगली वेळ कुठली?

जुन्या थर्मोस्टॅटची एक वायर सोडवली. दुसरीकडे हात नेते, तोच तुमचं बोलणं कानात आलं, "लाइट गेली म्हंजे बंद झाली नाय गो! बंद म्हंजे फ्यूज आपल्या खिशात." जळ्ळं मेलं, साडीला खिसा कुठला? तशीच उतरले. फ्यूजच्या बोर्डापर्यंत पोचलेही नव्हते आणि पंखा फिरायला लागला. साडेतीनलाच लाइट! मागे बघते तर गीझरचा लाल दिवा पेटलेला. बटण सकाळपासून चालूच होतं, लाइट नसताना कळणार कसं? धावत जाऊन फ्यूज ओढला, तर तो लवकर निघेना. निघाला तेव्हा पदरात बांधला, घट्ट गाठ मारली आणि फरशीवर बसून रडले.

मुरबाडच्या घरात मी नऊ वर्षांची होते. रविवारची सकाळ, तुम्ही स्वयंपाकघरातला होल्डर बदलताय. एकदम ओरडता आणि स्टुलावरून फेकले जाता. आई पिठाच्या हातानं धावत येते. तुमच्या उजव्या हाताची दोन बोटं शेवटपर्यंत सरळ झाली नाहीत. येईल त्याला तुम्ही सांगायचात, "फ्यूज काढायचा इसरलो, माझीच चूक." अर्ध्या मुरबाडची वायरिंग केलेला माणूस, पण त्यानंतर लोकांच्या घरची कामं घ्यायला भ्यायला लागलात. आपल्या घरातला बल्ब बदलतानासुद्धा तीनतीनदा खिसा चाचपायचात. मी दारात उभी राहून ते बघायचे.

बाबा, तुम्ही विसरला नव्हतात. फ्यूज काढून तुम्ही फळीवर ठेवला होतात. टीव्ही लागत नव्हता म्हणून मी तो उचलून परत बसवला. आधी माराची भीती वाटायची. पुढे तुमच्या वाकड्या बोटांकडे बघितलं की तोंडच उघडायचं नाही. आता हे लिहिलंय, पण टाकू कुठल्या पत्त्यावर?

नवा थर्मोस्टॅट बसलाय. सासूबाई दोनदा विचारून गेल्या, "लाइट आली ना गो, मंग पंखा का बंद?" मला अजून पदराची गाठ सोडवत नाही.