तेरा हौदांचं गाव

७८६
देरा, दुबई
२२ जानेवारी १९६७

प्रिय बहीण ताजबी हिस,
भाई खैरुद्दीनचे अनेक दुवा वि. वि.

ईद तुमच्याकडे नीट पार पडली असेल. इथे आम्ही खोलीतल्या पाच जणांनी शिरखुर्मा केला, पण डब्यातल्या दुधाचा. तुझ्या हाताची आठवण काढत गिळला.

आता ज्याची वाट बघत असशील ते. ऑफिसच्या टपालाच्या थैलीतून जपानहून मेहुण्यांचा, गनीभाईंचा कागद आला आहे. त्यांचं अक्षर तुला ठाऊक आहेच, कोंबडी शाईत पाय बुडवून चालून गेल्यासारखं. नेहमीप्रमाणे मी ते लावून स्वच्छ उतरवून पाठवतो. ते लिहितात:

"या आठवड्यात आपल्या ऑफिसला कापड पुरवणाऱ्या गिरणीच्या साहेबांनी आम्हाला डोंगरातल्या नोझावा नावाच्या गावी नेलं. बर्फ इतका, की लोक खोऱ्याने वाट काढून घरात शिरतात. पायांना लांब फळ्या बांधून उतारावरून घसरतात आणि त्याला खेळ म्हणतात. पण त्याच गावात जमिनीतून कढत पाणी येतं. त्यावर तेरा न्हाणीघरं आहेत, गावकऱ्यांनीच सांभाळलेली. कुणीही जावं, न्हावं. एका जागी तर पाणी इतकं उकळतं, की बायका त्यात पालेभाजी शिजवून घेतात. मी लुंगी लावून, साबण घेऊन हौदात उतरलो. आधी पायाला कळू दिलं, मग गुडघ्याला, मग पोटाला. बाहेर बर्फ पडत होता आणि मला तुझी आठवण येत होती. अम्माचे गुडघे या पाण्यात बुडवता आले असते तर ती घरी चालत गेली असती."

उतरवताना मला हेवाच वाटला बघ. आमच्या नशिबी इथे खाडीचा खारा वारा. सुरैय्याला माझे आशीर्वाद. दुवेत याद ठेव.

तुझा,
खैरुद्दीन

७८६
दाभोळ
९ फेब्रुवारी १९६७

तीर्थस्वरूप भाईंस,
ताजबीचे अनेक सलाम वि. वि.

पत्र मिळालं. सासूबाईंना तीन वेळा वाचून दाखवलं. मैमुनाबींचं म्हणणं असं, की लेकाने त्या पाण्याची एक बाटली आणावी. मी म्हटलं, दाभोळपर्यंत येताना ते गार होईल. त्यावर त्या म्हणाल्या, चुलीवर परत तापवू. सुरैय्याच्या अब्बांना माझा निरोप एवढाच, की भाजी शिजवणाऱ्या बायकांकडे कमी बघावं आणि बर्फाकडे जास्त.

खरं सांगू, त्यांना जाऊन दोन वर्षं झाली, पण या एका पत्राने घर उबदार झालं. मी ते उशीखाली ठेवते. हसू नकोस.

आता महत्त्वाचं. सुरैय्याचं पक्कं झालं. मुलगा चिपळूणला शाळामास्तर आहे, शांत आहे, तिला आवडला आहे. निकाह मेअखेरीस, २८ तारखेला. काझीसाहेबांनी स्पष्ट सांगितलं, की आपल्यात मुलीचा वली, म्हणजे तिला निकाहात देणारा, तिचा बाप. तो हयात असताना दुसऱ्या कुणाला हा हक्क नाही. एक तर त्यांनी स्वतः यावं, नाहीतर आपल्या जागी कुणाला वकील, म्हणजे मुखत्यार, नेमल्याचं पत्र पाठवावं. स्वतःच्या हाताने लिहिलेलं, खाली जागा आणि तारीख, दोन साक्षीदारांच्या सह्या. तेव्हा या खेपेला तुझी स्वच्छ प्रत चालणार नाही, भाई. कोंबडीचे पायच पाठव.

मुलाकडची माणसं चांगली आहेत, पण या तारखेपलीकडे थांबणार नाहीत असं दिसतं. सुरैय्या रोज पोस्टमनची वेळ झाली की ओट्यावर येऊन बसते.

आमच्यावर माया आहेच, ती अशीच राहू दे.

तुझी,
ताजबी

देरा, दुबई
२६ फेब्रुवारी १९६७

प्रिय ताजबी,
अनेक दुवा वि. वि.

सुरैय्याची बातमी वाचून आनंद झाला. कालपर्यंत माझ्या खांद्यावर बसून आंबे मोजणारी पोर!

त्या कागदाचं मात्र कठीण आहे. जपानची थैली महिन्यातून एकदा जाते, कधी तीही चुकते. गनीभाई सध्या डोंगरात आहेत, तिथे बर्फामुळे टपाल बंद असतं. तू काझीसाहेबांना समजाव. मी मामा आहे, माझ्या सहीचं पत्र पाठवतो, इन्शाल्ला तेवढ्याने काम होईल. नाहीच झालं तर एक वर्ष थांबायला काय हरकत आहे? मुलगी लहानच आहे.

सासूबाईंना सांग, की तेरापैकी एका न्हाणीघराचं पाणी खास सांधेदुखीवर चालतं म्हणे. गनीभाईंनी मागच्या कागदात लिहिलं होतं, माझ्याकडून उतरवायचं राहिलं.

तब्येत सांभाळ, रागवू नकोस.

तुझा भाई,
खैरुद्दीन

दाभोळ
१५ मार्च १९६७

भाईंस,
सलाम वि. वि.

आपला मामेभाऊ हमदुल्ला रजेवर आला आहे. बोटीच्या इंजिनावर तेलवाला आहे ना तो, मागच्या साली त्याची बोट महिनाभर जपानच्या कोबे बंदरात दुरुस्तीला होती. चहाला आला होता. मी मोठ्या तोऱ्यात जपानचं पत्र काढून वाचायला दिलं. लुंगी आणि साबणापर्यंत आला आणि असा हसला, की चहा नाकात गेला. म्हणाला, तिथे अंगावर चिंधी ठेवून कुणाला पाण्यात उतरू देत नाहीत. आधी बाहेर बसून अंग घासून घ्यायचं, मग नुसतं पाण्यात बसायचं. साबण घेऊन हौदात शिरणाऱ्याला लोक ओरडून बाहेर काढतील.

मी त्याला सांगितलं, की बायकोला पत्र लिहिताना माणूस लाजला असेल, म्हणून लुंगी नेसवली असेल. हमदुल्लाही म्हणाला, असेल. मी पत्राची घडी घातली आणि भाकऱ्या करायला बसले.

पण भाकरी थापताना पुढची ओळ आठवली. आधी पायाला कळू दे, मग गुडघ्याला, मग पोटाला. भाई, हे कोणाचं बोलणं आहे? उन्हवऱ्याच्या गरम कुंडावर आपली मां आपल्या दोघांचे हात धरून पायरी पायरीने उतरवायची तेव्हा हेच म्हणायची. सुरैय्याच्या अब्बांनी मांला पाहिलेलं नाही. ती गेल्यावर सात वर्षांनी माझं लग्न झालं. त्यांना उन्हवरं माहीत नाही. लुंगी आणि साबण घेऊन त्या कुंडावर जाणारा तू होतास.

हे पत्र तू उतरवलेलं नाहीस. तू लिहिलं आहेस.

मग माझा नवरा कुठे आहे? जिवंत आहे की नाही, एवढं तरी लिही. मला काय वाटतंय ते लिहायला बसले तर कागद पुरणार नाही.

ताजबी

देरा, दुबई
२ एप्रिल १९६७

ताजबी,

सलाम, दुवा, काय लिहू कळत नाही.

गनीभाई जिवंत आहेत. ठणठणीत आहेत. जपानला ते कधी गेलेच नाहीत. दोन वर्षांपूर्वी ऑफिसच्या मालाबरोबर लाँचने पलीकडच्या किनाऱ्यावरच्या खोर फक्कान बंदराला गेले आणि तिथेच राहिले. तिथे निकाह केला. तिचं नाव रुकय्या. एक मुलगा आहे, चालायला लागला आहे.

मला पहिल्या महिन्यातच कळलं. त्यांनी माझ्याकडून कुराणावर हात ठेवून वचन घेतलं. त्यांनीच मला इथे आणलं, ऑफिसात लावलं, स्वतःच्या खाटेवर झोपवलं. नाही म्हणायची माझी हिंमत झाली नाही. वाटलं, सहा महिन्यांत डोकं ठिकाणावर येईल, परत येतील, तुला कळणारही नाही. आमच्या ऑफिसात दरवर्षी एक जपानी कापडवाला येतो, तो आपल्या गावाची रंगीत पुस्तिका टेबलावर सोडून गेला होता. त्यात ती तेरा न्हाणीघरं होती. चित्रात वाफच वाफ, माणसं फक्त खांद्यापर्यंत दिसत होती. बाकीचं मी उन्हवऱ्यावरून लिहिलं. लिहिताना मलाही बरं वाटायचं, हे खोटं सांगत नाही.

तुझी उत्तरं इतकी आनंदाची यायची, की ती बंद पाडायचा धीर होत नव्हता. आणि मैमुनाबींचं वय. हे ऐकून त्यांचं काही बरंवाईट झालं असतं तर?

तुझी शिक्षा मला मंजूर आहे. फक्त पत्र टाकणं थांबवू नकोस.

खैरुद्दीन

दाभोळ
१७ एप्रिल १९६७

खैरुद्दीनभाई,

पत्र मिळालं. मैमुनाबींना मी त्याच दिवशी सांगितलं. त्या खूप रडल्या, मग उठून वजू करून नमाजाला बसल्या. आज सकाळी त्यांनी माझ्यासाठी चहा केला. त्यांना काही झालेलं नाही. तेव्हा ते निमित्त तू वापरू नकोस.

गनीने मला फसवलं. बायकांच्या नशिबी हे येतं, शेजारपाजारी पाहिलं आहे, सोसेन. तो मला परका होता, लग्नाने आपला झाला आणि पुन्हा परका झाला. पण तू? माझ्या नवऱ्याच्या तोंडी तू आपल्या मांचे शब्द घातलेस आणि मी ते उशीखाली घेऊन झोपले. त्याच्या मायेचं पत्र म्हणून दोन वर्षं मी तुझंच अक्षर कुरवाळलं. याची मला किती लाज वाटते ते तुला कळणार नाही.

आता काम सांगते. खोर फक्कानला जा. त्याच्यासमोर बस आणि वकिलीचं पत्र त्याच्या हाताने लिहून घे. वकील म्हणून आमच्या काझीसाहेबांचं नाव घालायला सांग. खाली जागा खोर फक्कान अशीच हवी. माझ्या मुलीचा निकाह जपानात उभा राहणार नाही. साक्षीला पहिली सही तुझी, म्हणजे आयुष्यात एकदा तरी तू खऱ्याला साक्ष राहशील. माझ्यासाठी त्याच्याकडून काही आणू नकोस. तेराही हौद त्याला लखलाभ होवोत.

सुरैय्याला मी सगळं सांगितलं आहे. तिने एकच विचारलं, की मामालाही माहीत होतं का. मी हो म्हटलं. त्यानंतर ती पोस्टमनसाठी ओट्यावर बसलेली नाही.

लग्नाला येऊ नकोस. मामाचा मान हमदुल्लाला दिला आहे.

कागद आला की पोच पाठवणार नाही. तुझं अक्षर फार सुंदर आहे, भाई, मांने पाटीवर गिरवून घेतलेलं. ते मला पुन्हा दाखवू नकोस.

लोभ होता.

ताजबी