दुसरा बाण

नांदुरा,
ता. ७ फेब्रुवारी १९४४

प्रिय इंद्रभान,

आधी घडले ते क्रमाने लिहिते.

१. खंडेनवमीच्या चार दिवस आधी धामणगाव बढ्याच्या रंगराव पाटलांनी आपल्या संग्रहातले एक जुने सरकारी रिव्हॉल्व्हर पूजेसाठी साफ करायला आमच्या दुकानात दिले.
२. ते गंज काढून, पॉलिश करून पूजेच्या आदल्या दिवशी परत केले.
३. डिसेंबरात मलकापूरला परवान्याच्या सगळ्या हत्यारांची तपासणी झाली. त्या रिव्हॉल्व्हरवर बाणाच्या दोन शिक्क्यांऐवजी एकच निघाला. नंबराचे शेवटचे दोन आकडेही नव्हते.
४. रंगरावांनी सांगितले की हे माझे नव्हेच, तुळशीराम मिस्त्रीने, म्हणजे बाबांनी, बदलून दिले.
५. बाबांनी जबाब दिला की घासण्याचे काम माझेच. ते बुलढाण्याच्या तुरुंगात आहेत.
६. हत्यार तपासणीसाठी जबलपूरला गेले. अहवालाखाली तुझी सही आहे.

एक बाण म्हणजे माल सरकारचा. त्याच्या टोकाला टोक भिडवून दुसरा बाण ठोकला म्हणजे सरकारने तो रीतसर विकून टाकला. तुला हे सांगायला नको, पण आमच्या वकिलांना तीनदा समजावावे लागले, त्या सवयीने लिहून गेले. दुसरा बाण नसेल तर रंगरावांकडचे रिव्हॉल्व्हर चोरीचे ठरते. शिवाय अशाच बनावटीचे एक रिव्हॉल्व्हर गेल्या वर्षी सरकारी साठ्यातून गहाळ झालेले आहे. नळी आणि चक्र पूर्वीच कोणीतरी बदललेले, त्यामुळे तिथले आकडेही उपयोगाचे नाहीत.

तू जबलपूरच्या नोकरीवर गेल्यापासून दुकानात काय बदलले ते तुला ठाऊक नसेल. बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आहे. गेली दोन वर्षे ते गल्ल्यावर बसतात, गिऱ्हाइकांशी बोलतात, आणि मागच्या खोलीत काम मी करते. अमरावतीला विज्ञानाची दोन वर्षे करून मी परत आले ती त्यासाठीच. गावात हे कोणाला माहीत नाही. आईने तशी काळजी घेतली. मुलगी हत्यारे घासते म्हटल्यावर पुढे सोयरीक जुळणार नाही, असे तिचे म्हणणे.

बाबा आपल्याला खुणा शिकवायचे ते आठवते का? अंगठ्याने अर्धा शिक्का झाकून ते विचारत, "हा मुकुट पाह्य, खाली तपासणाराचा आकडा. आता सांग, याचा जन्म कोन्या सालचा?" तू चटकन उत्तर द्यायचास आणि चुकायचास. मला वेळ लागायचा. मग बाबा तुला म्हणत, "हे पोट्टी तराजू हाय, अन् तू बे नुसता पासंग." तू हसायचास. मी हसत नसे, मला ते खरेच वाटायचे.

त्यांची एक रीत होती. घासायला हात लावण्याआधी प्रत्येक शिक्क्यावर काजळी फासायची, पातळ कागदावर छाप घ्यायची आणि कामाच्या वहीत डकवायची. "पॉलिश मारलं का लोखंड मुकं होते, त्याचं बोलनं आधी लिहून घ्या," असे ते म्हणत. त्या आठवड्यात पूजेची अकरा हत्यारे आली होती. दहांच्या छापा वहीत आहेत. अकरावी, रंगरावांच्या रिव्हॉल्व्हरची, मी घेतली नाही. वेळ नव्हता असे म्हणता येईल, पण छाप घ्यायला पाच मिनिटे लागतात.

गंजाचे खड्डे खोल होते. रंगरावांनी बजावले होते, "आरशावानी चमकलं पाह्यजे, चार लोक येतात पूजेले." खड्डे नाहीसे होईपर्यंत मी घासत गेले. दुसरा बाण आणि शेवटचे दोन आकडे त्या खड्ड्यांतच होते. संध्याकाळी ते खरोखर आरशासारखे दिसत होते आणि मला समाधान वाटले, हेही लिहून ठेवते.

मी मलकापूरला ठाण्यावर गेले आणि काम माझे असे सांगितले. फौजदार हसले. "बाई, बापासाठी खोटं बोलून राह्यल्या तुम्ही. हे काय पोळ्या लाटनं हाय?" कोर्टातही माझा जबाब घेतला नाही. घरी आल्यावर आई म्हणाली, "तू काऊन बोलली मधात? तुह्या बापानं एवढं केलं, ते मातीत घालतं का?" त्यानंतर ती माझ्याशी फारसे बोललेली नाही.

मागच्या गुरुवारी बाबांना भेटले. आवाजावरून ओळखेपर्यंत ते माझ्या शेजारच्या भिंतीकडे बघत होते. खटल्याबद्दल त्यांनी काही विचारले नाही. "कानशीले तेल लावून ठेवलं ना?" एवढेच विचारले. दुकानाला सील आहे. मी हो म्हटले.

तुझ्या अहवालाची नक्कल माझ्यापुढे आहे. आम्ल लावून पाहिले, बुजलेली खूण उमटली नाही, असे तू लिहितोस. ते बरोबर आहे. ठोकलेल्या शिक्क्याखाली पोलाद दबून राहते आणि आम्लाने ते दिसू लागते, पण मी त्याच्याही खाली गेले होते. दुसरा बाण आता कुठेच नाही. चोरी झाली नाही, चूक झाली, हे कोणी मानेल अशी आशा मी ठेवलेली नाही.

आता पत्राचे कारण. तुझ्या अहवालात खड्ड्यांची खोली आहे, घासकागदाचा खरखरीतपणा आहे, घासल्या जागेची लांबीरुंदी आहे. ओरखड्यांची दिशा नाही. उजव्या हाताने घासलेले ओरखडे एका बाजूला चढतात, डाव्या हाताचे दुसऱ्या. नांदुऱ्यात हत्यारांवर काम करणारे डावखुरे माणूस एकच आहे, आणि चार वर्षे तू तिच्या शेजारी बसलास. "तुह्यं काम त आंधयालेही ओयखू येते," असे तूच म्हणायचास. तू भिंग लावलेस, ओळखलेस, आणि ती ओळ गाळलीस. का, ते मला कळते. त्याबद्दल आभार मानत नाही. माझ्या जागी तू एकसष्ट वर्षांच्या माणसाला ठेवले आहेस, ज्याला समोरची भिंत दिसत नाही. ज्या हाताने हे केले तो आत जावा. पुरवणी अहवाल पाठवून त्यात ओरखड्यांची दिशा लिही, आणि विचारले तर हात कोणाचा ते सांग. खटल्याची पुढची सुनावणी २८ तारखेला आहे. तू हे करणार की नाही, ते मला सोमवार, २१ फेब्रुवारीपर्यंत पत्राने कळव.

तुझ्यावर विसंबलेली,
सत्यभामा