वारा अडवायचं काम

शनिवार, २ फेब्रुवारी १९४६

पुन्हा तेच! सायकल मंडळाच्या बैठकीत अध्यक्ष नृसिंहरावांनी फळ्यावर नगर-कोपरगाव रस्ता काढला आणि माझ्या नावापुढे खडूनं लिहिलं — 'शेवटचा मैल.' शामकांतच्या नावापुढे — 'शेवटचा फर्लांग.' म्हणजे साठ मैल दोघांनी मारायचे, शेवटचा मैल मी पुढे राहून वारा खायचा, आणि रेषा त्यानं ओलांडायची.

शामकांत तसा वाईट नाही. हायस्कुलात ड्रॉइंग शिकवतो. नृसिंहरावांचा भाचा. शेवटच्या फर्लांगात जिल्ह्यात त्याला तोड नाही म्हणतात. असेल. पण मला कुणी रेषेपर्यंत जाऊ दिलंय कधी?

आज विचारलं. एकदा मलाही जाऊ द्या म्हणालो. नृसिंहरावांनी मागं वळूनही पाहिलं नाही. "सहादेव, तुझं काम वारा अडवायचं. तेवढं नीट कर."

मंडळाची सायकल वापरतो, म्हणून गप्प बसलो. पण पटलं नाही. लिहून ठेवतो.

मंगळवार, ५ फेब्रुवारी

पोस्टातून तार घेऊन भिंगारच्या बाजारपेठेत शिरलो. ओट्यावर दोन बायका तांदूळ निवडत होत्या. मला पाहिलं, सुपं तशीच टाकून आत गेल्या. कडी लावल्याचा आवाज आला. तार पुढच्या व्यापाऱ्याची होती — गुळाच्या भावाची!

लढाई संपून सहा महिने झाले. पण चार वर्षं मीच फौजेतल्या माणसांच्या तारा वाटल्या. ब्रह्मदेश, इटली, आफ्रिका. तिसगावकडच्या गावांतही गेलो, तिथं तर माझेच सोयरे. माझी घंटी ऐकली की घरात रडं सुरू व्हायचं, पाकीट फोडायच्या आधी. त्यांचं चुकत नाही. पण माझं तरी काय चुकलं?

लंका म्हणते, शर्यतीचं येड सोडा. हिला कसं सांगू. एकदा तरी मी सायकलवर येताना दिसलो आणि लोक दारात थांबले, एवढंच पाहिजे. कप गेला खड्ड्यात.

रविवार, १० फेब्रुवारी

कोपरगावहून परतीच्या गाडीत. अक्षर हलतंय, हलू दे.

काल सकाळी सातला नगरहून बावीस जण निघालो. विळदचा घाट उतरलो की पुढे रस्ता सपाट. सपाट रस्त्यावर चढ नाही, म्हणून कमजोर माणूसही मागे पडत नाही. सगळे एका घोळक्यात. पुढचा वारा फोडतो, मागचे त्याच्या आडोशानं निम्म्या ताकदीत चालतात. मग शर्यत होते कुठं? शेवटी. तोवर सगळं डोक्याचं काम.

राहुरीला आसाराम फुटून पुढे गेला. कोपरगावचा, उसाच्या गाड्या हाकतो, मांड्या खांबासारख्या. त्याच्याबरोबर आणखी दोघं. आमच्यातली नवी माणसं घाबरली. मी म्हटलं, जाऊ द्या. तिघांना तिघांतच वारा वाटून घ्यायचाय, आम्ही एकोणीस. त्यांची धूळ दिसत राहिली म्हणजे झालं. फार लवकर पकडलं तर दुसरा कुणी फुटतो, फार उशीर केला तर ते हाती लागत नाहीत. त्याचा अंदाज पायाला असतो. माझ्या पायाला आहे.

राहात्याला ते दोन मिनिटं पुढे होते. शिर्डी मागे पडली तशी मंडळाची आम्ही चार-पाच माणसं आळीपाळीनं पुढे येऊन ओढायला लागलो. आसाराम एकटाच उरला होता. गावापासून दोन मैलांवर त्याला गाठलं. मी बाजूनं जाताना तो म्हणाला, "दिवसभर राबलो मी, आन् खानार तुमी." मान खाली घातली आणि पेडल मारत राहिलो. दुसऱ्यासाठी राबायचं, तेच तर मीही करत होतो.

मग शेवटचा मैल. पुढे मी, माझ्या चाकाला शामकांत. त्याचा श्वास माझ्या पाठीवर ऐकू येत होता. झेंडा दिसला आणि तो म्हणाला, "हो बाजूला." मी डावीकडं झालो. तो गोळीसारखा निघून गेला. पहिला आला. मी अकरावा. नावं पहिल्या पाचांची पुकारतात.

राग कशाचा आला? बाजूला झालो तेव्हा माझ्या पायात अजून जोर होता. तो तसाच गाडीत बसून परत चाललाय.

सोमवार, ११ फेब्रुवारी

शर्यतीचा दुसरा टप्पा येत्या रविवारी. भिंगारहून पाथर्डी रस्त्यानं करंजी घाटाच्या सुरुवातीपर्यंत आणि उलट भिंगारला. हाही सपाट. रेषा भिंगारच्या बाजाराच्या तोंडाशी.

संध्याकाळी नृसिंहरावांकडे गेलो. सरळ सांगितलं — भिंगार माझं गाव, तिथं मी मागे होणार नाही. एवढा एक टप्पा मला द्या, मग वर्षभर म्हणाल तसा पुढे राबतो. शामकांत तिथंच चहा पीत बसला होता. तो कपात बघत राहिला.

नृसिंहराव शांतपणे म्हणाले, "लोकांना जिंकणारा बघायचा असतो. तारवाला त्यांनी पुष्कळ पाहिलाय."

मी म्हणालो, "मग वारा अडवायला दुसरा बघा."

"सायकल मंडळाची आहे. जाताना ठेवून जा."

ठेवली. भिंतीला नीट टेकवून ठेवली. भिंगारपर्यंत चालत आलो. वाटेत एकदाही वाईट वाटलं नाही. आता लिहिताना वाटतंय. पण माघार नाही!

बुधवार, १३ फेब्रुवारी

नाव नोंदवलं. स्वतंत्र. नियमात बसतं. नियम तीनदा वाचले.

शुक्रवार, १५ फेब्रुवारी

माझी ड्यूटीची सायकल माझी स्वतःची आहे, खात्याची नाही. कुणाला विचारायचं कारण नाही. कॅरिअर काढलं, स्टँड काढला, दोन्ही मडगार्ड, दिवा, चेनवरचा पत्रा. घंटीसुद्धा. लंका परातीत नट-बोल्ट गोळा करत होती. उचलून पाहिली. मंडळाच्या सायकलीपेक्षा अजून भारीच. लोखंड ते लोखंड.

लंका म्हणाली, "एवड्या जड सायकलीवर त्यांच्या म्होरं कसं जानार?"

म्हटलं, "पुढे जायचंच नाही. या वेळी मी मागे बसणार."

तिला कळलं नाही, पण हसली. मला मात्र आजच नीट कळलं. मंडळ नाही म्हणजे माझ्यावर काम नाही. कुणाला गाठायचं नाही, कुणासाठी वारा खायचा नाही. पाच वर्षांत पहिल्यांदा आडोसा मला मिळणार. शेवटपर्यंत ताकद राखायची, मग वजन असू दे.

रविवार, १७ फेब्रुवारी

आजचं आजच लिहून ठेवतो. उद्या लोक काय काय सांगतील.

जाताना घोळक्याच्या मध्यात बसलो. 'आयता बसलाय' म्हणून मंडळातला एकजण ओरडला. मी म्हटलं, होय बसलोय. मेहेकरीला दोघं फुटले, जाऊ दिलं. घाटाच्या सुरुवातीला रस्त्यात ठेवलेल्या पिंपाला वळसा घालून परत फिरलो, तेव्हा वारा समोरून आला. फुटलेले दोघं तिथंच मेले म्हणायचे. भिंगारपासून चार मैलांवर सगळे एक.

माझ्या जागी मंडळानं छगनला घातला होता. पोलादी छातीचा माणूस, पण त्याला घाई फार. मैल म्हणजे केवढा लांब असतो ते मैलभर पुढे राहिल्याशिवाय कळत नाही. समोरच्या वाऱ्यात त्यानं सुरुवातीलाच सगळं ओतलं आणि तीन फर्लांग राहिले असताना दमून मागे पडला. शामकांत एकदम उघड्यावर आला. त्याच क्षणी उजवीकडून आसाराम सुटला. शामकांतनं त्याचं चाक धरलं. मी शामकांतचं.

तिघंच. मागचं काही ऐकू येईना. माझी सायकल गाडीसारखी खडखडत होती, पण एकदा वेग घेतला की ती लवकर थांबतही नाही. पाऊण फर्लांग राहिला. आसाराम संपला. शामकांत डावीकडून निघाला, मी त्याच्याही डावीकडून, गटाराच्या कडेनं.

आणि लोक. दोन्ही बाजूंना दारं उघडी, ओट्यांवर बायका, पोरं, म्हातारे. माझं नाव घेत होते! सहादेव, सहादेव. मी हँडल पुढे ढकललं आणि रेषा गेली.

रेषेवर नृसिंहराव स्वतः झेंडा घेऊन. म्हणाले, "शामकांत. वीतभर."

भिंगारचे लोक खवळले. मामा झेंडा धरतो आणि भाचा जिंकतो, असं कसं म्हणाले. माझं चाक पुढे होतं. कुणी काही म्हणो. मी जिंकलो!

सोमवार, १८ फेब्रुवारी

पोस्टात मास्तरांनी हात मिळवला. बाजारात चार ठिकाणी अडवून विचारलं. सगळ्यांना एकच सांगितलं — मी जिंकलो. शामकांत काही बोलत नाही म्हणे. कप घ्यायलाही गेला नाही. बोलेल कशाला? तोंड आहे का?

लोकांनी अर्ज केलाय. मंडळाला मानावं लागलं. येत्या रविवारी तालमीत पंच बसणार, ज्यांनी पाहिलं त्यांनी शपथेवर सांगायचं. भिंगारची तीस माणसं तयार आहेत. मंडळाची फार तर दहा.

बुधवार, २० फेब्रुवारी

आज भागूबाई घरी आल्या. वेशीजवळ राहतात. चव्वेचाळीस साली त्यांच्या एकुलत्या मुलाची तार मी नेली होती. तेव्हापासून मी गल्लीत शिरलो की त्या दार लावून घेतात. कधी नजरेला नजर दिली नाही. आज आपण होऊन आल्या, लंकाजवळ बसल्या, पाणी मागून प्याल्या.

म्हणाल्या, "म्या समोरच हुते. तुझं चाक म्होरं हुतं. लेकाची आन घिऊन सांगीन."

लंकाचे डोळे भरून आले. मी बाहेर जाऊन उगाच चेनला तेल घालत बसलो.

गुरुवार, २१ फेब्रुवारी

तार द्यायला भागूबाईंच्या गल्लीत गेलो. दार उघडं होतं. त्यांनी हात केला.

मी हात केला नाही. सायकल वेगात काढली.

शनिवार, २३ फेब्रुवारी

पोस्टमास्तर म्हणतात, निकाल आपलाच. नृसिंहराव घाबरलेत म्हणे. घाबरू देत. पाच वर्षं माझ्या पाठीमागे बसून कप नेले.

जेवताना लंकानं विचारलं, "तुमाला सवताला काय दिसलं हुतं?"

ताट सारून उठलो.

रविवार, २४ फेब्रुवारी

पंचांनी पहिलं नाव भागूबाईंचं पुकारलं. त्या पदर सावरून उठायला लागल्या. त्यांच्या आधी मी उभा राहिलो. म्हणालो, कुणी शपथ घेऊ नका. शामकांतचं चाक पुढे होतं. वीतभर. मला रेषेवरच दिसलं होतं.

आपल्याच माणसांनी शिव्या दिल्या. नृसिंहराव हसले. मी त्यांना सांगितलं, खरं बोललो म्हणून मंडळात परत येतोय असं समजू नका. वारा तुमच्यासाठी पुन्हा खाणार नाही.

बाहेर आलो. भागूबाई माझ्या मागोमाग आल्या. माफी मागायला तोंड उघडलं, तर त्याच म्हणाल्या, "मला चाकं कुटं दिसली रं. तू येताना दिसलास, तेवडंच पायलं."

शामकांत रस्त्याच्या पलीकडे सायकल धरून उभा होता. जवळ आला. त्यानं मंडळ सोडल्याचा कागद कालच देऊन टाकलाय. एवढी वर्षं मला 'तू' म्हणत आला. आज म्हणाला, "सहादेवराव, पुण्याच्या शर्यतीला महिना आहे. उद्या सहाला निघू. शेवटचा मैल पुढे मी राहतो. तुम्ही माझ्या चाकाला या."