स्वखुशीने

५ नोव्हेंबर २००६
चार महिने एक ओळ लिहिली नाही, त्याबद्दल क्षमा. वहीची क्षमा मागणं हास्यास्पद आहे, पण मागितल्याशिवाय पेन चालत नाही.
बार्शी सुटली. मुळशीत हैबतरावांच्या घराची पुढची खोली मिळाली. खिडकीतून धरणाचं पाणी दिसतं, भातकापणी चालू आहे. पौडचे वकील दस्तांचे कच्चे मसुदे पाठवतात, मी घरच्या कॉम्प्युटरवर टाइप करून देते. टेबल अडचणीचं, म्हणून बिनवायरचा माउस घेतला. भांड्यांना येणाऱ्या साळूबाई बघून म्हणाल्या, "आगं बया, ह्या उंदराला शेपूट न्हाई व्हय!" खूप दिवसांनी हसले.

१२ नोव्हेंबर
आज हैबतरावांनी स्वतःचंच काम दिलं. त्यांची बहीण तुळजाबाई, जवळच्या मुठा गावात दिलेली. तिचं हक्कसोडपत्र. वडिलांच्या जमिनीतला वाटा ती 'कोणाच्याही दबावाशिवाय, स्वखुशीने' भावाला सोडते आहे. पुण्याचं कुणीतरी बंगल्यांसाठी ती जमीन घेणार आहे. बहिणीला विचारलंत का, असं मी म्हटलं. ते म्हणाले, बहिणीला काय विचारायचं असतं बाई, साडीचोळी करायची असते.
मी टाइप केलं. माझ्या भावानेही असाच कागद पुढे केला होता. साडी मोरपंखी होती. सही करून मी वर 'रंग छान आहे' असंही म्हणाले होते.

१५ नोव्हेंबर, बुधवार
दुपारी चहा घेत होते. माउस टेबलावर, माझे दोन्ही हात कपाला. पडद्यावरचा बाण हलला, सावकाश 'स्वखुशीने'पाशी गेला आणि तेवढाच शब्द काळ्या पट्टीत आला. दुकानदाराला फोन केला. जवळपास तसाच दुसरा माउस असला की गोंधळ होतो, म्हणाला. जवळपास फक्त गोठा आहे.
खरं तेच लिहायला हवं. कदाचित माझं कोपर लागलं असेल.

१७ नोव्हेंबर
माउसमधले सेल काढून ठेवले. तळाचा लाल दिवा विझला. तरी बाणाने तो शब्द उचलला आणि ओढत ओळीबाहेर नेला. मी जागेवर आणला. पुन्हा नेला. सात वेळा. माउस उचलला तर उबदार, कुणी आत्ताच हात काढून घेतल्यासारखा.
शब्द जागेवर ठेवायची घाई मलाच का होती?

१९ नोव्हेंबर
साळूबाईंना सहज विचारलं, तुळजाबाई सहीला कधी यायच्या? त्यांनी पातेलं खाली ठेवलं. "कुटली सही बाई? तुळजाक्का बुधवारी दुपारी गेली की. शेवटपातुर म्हणत व्हती, अंगठा देणार न्हाई."
बुधवारी दुपारी. हैबतराव दोन दिवस घरी का नव्हते, ते आता कळलं. मला कुणी सांगितलं नाही. कागद मात्र तयार ठेवायला सांगितलं.

२० नोव्हेंबर
हैबतराव दारात उभे राहूनच बोलले. तिची पोरं वाटा मागायच्या आत कागद व्हायला पाहिजे. तुम्हाला इथं कोण ओळखतं? वय सारखंच दिसतंय. डोक्यावर पदर घ्या, नोंदणी कचेरीत तुळजा म्हणून उभ्या राहा, अंगठा उठवा. न्हाईतर खोली रिकामी करा.
मी नाही म्हणाले नाही. शेहेचाळीस वर्षांची एकटी बाई, जाणार कुठे — हे कारण आहे की नुसती सवय?

२१ नोव्हेंबर
माउस कपाटात, कुलपात. बाण फिरतोय. माझा उजवा हात रिकाम्या टेबलावर फिरतोय, बाण त्याच्यामागे — नाही. नीट लिही. हात बाणाच्या मागे —

२२ नोव्हेंबर
पेन सरळ धरवत नाही. बोटं मिटतात, अंगठा तेवढा बाहेर. आरशात पदर डोक्यावर. मी घेतला नव्हता —
हैबतरावांना सांगितलं, येते. आवाज —
उद्या : कचेरीत जायाचं. सायेब इचारतील, स्वखुशीनं देता का? म्हणायचं, न्हाई. बापाची जमीन हाय. मी तुळजा, आन् मी —