मध्यंतरानंतरचा आवाज

११ सप्टेंबर
वैजूला घेऊन लातूरला गेलतो. घशातली गाठ कॅन्सरचीच निघाली. स्वरयंत्र काढावं लागणार, पूर्ण. डॉ. समजावून सांगत होते, वैजू माझ्याकडं बघत होता. बाहेर आल्यावर बसलेल्या घशानं म्हणाला, "डबिंग कधी ठिवतूस बे?"
आमचा पहिला पिक्चर. हिरो तोच. शूटिंग संपलंय, मध्यंतरापर्यंतचं डबिंग तर शूटिंगच्या मधेच उरकलं होतं. त्याचा घसा बसला म्हणून पुढचं थांबवलं होतं. वाटलं सर्दी असेल, थर्मलच्या चिमण्यांची राख असेल. परळीत घसा कुणाचा बसत नाही?

१३ सप्टेंबर
त्याचं एकच. आधी डबिंग, मग ऑपरेशन. डॉ. थांबायला तयार नाहीत. मीही नाही म्हणालो. निर्माता-दिग्दर्शक मी आहे, स्टुडिओची किल्ली माझ्याकडं आहे.
"आवाज गेल्यावर मी काय करू? तुझे लग्नातले कॅमेरे उचलू का?"
सुमनवहिनी, त्याची बायको, दारात उभी होती. म्हणाली, "उचला. जित्ते ऱ्हावा आन् उचला."

१९ सप्टेंबर
संभाजीनगर. ऑपरेशन झालं. गळ्याला भोक, श्वास तिथून. शुद्धीवर आल्यावर त्यानं बोलायला तोंड उघडलं. ओठ हलले, बाकी काही नाही. मी खिडकीतून खालचं पार्किंग बघत राहिलो.

४ ऑक्टोबर
मुंबईच्या वितरकाचा फोन. "जावेदभाई, वाईट झालं. पण पुढच्या अर्ध्या भागाचं काय? आवाज सेम पाहिजे." मिमिक्रीवाले दोघं फोनवरच ऐकले. एक तर वैजूची टिंगल करतोय असंच वाटलं. फोन बंद केला.
दुपारी अब्बांच्या बंद दुकानात जाऊन बसलो. इथं ते रेडिओ दुरुस्त करायचे. इथंच मी लग्नाच्या शूटिंगची पाटी लावली, मग ऑर्केस्ट्रा काढला, मग यूट्यूबचं चॅनल. दर वेळी गाव म्हणालं, जावेद बुडतो आता. दर वेळी वैजू सोबत. शाळेपासूनच. ऑर्केस्ट्रात लाईट गेली की हा माईकशिवाय अख्खं मैदान धरून ठेवायचा. चॅनल त्याच्यामुळंच चाललं. मी फक्त बटणं दाबली.

९ ऑक्टोबर
एडिटर प्रशांत बीडहून आला. चॅनलच्या जुन्या भागांवरून त्यानं कॉम्प्युटरवर वैजूचा आवाज तयार केलाय. एक डायलॉग ऐकवला. हुबेहूब. "आयला" म्हणायच्या आधी तो जो बारीक दम घेतो, तोसुद्धा.
प्रशांत खूश. "सर, आठवड्यात पिक्चर तयार."
म्हणालो, वैजू हो म्हणेपर्यंत हात लावायचा नाही.

१२ ऑक्टोबर
माझी बायको शबाना सकाळी म्हणाली, "फोन पे मत पूछो. घर जाव." गेलो. लॅपटॉप गाडीतच ठेवला. कसंबसं विचारलं.
वैजूनं मोबाईलवर लिहून दाखवलं: विचार करतो.
वहिनी मात्र बोलली. "भाऊ, हितं मानूस मुका बसलाय. तिकडं मशीन त्याच्या आवाजात बोलनार, लोकं टाळ्या वाजवनार. तवा ह्यांनी काय करायचं?"
चहा घेतला आणि आलो.

२ नोव्हेंबर
वैजूचा निरोप नाही. मीही विचारलं नाही. चॅनलवर जुनेच भाग फिरवतोय. खाली लोक लिहितात, नवीन कधी? मी लिहितो, लवकरच.

२१ नोव्हेंबर
हे लिहावं की नाही.
वैजू सकाळी गळ्याला रुमाल बांधून मोंढ्याच्या बाजाराकडं फिरायला जातो. नगरपालिकेचा प्रचार चालू आहे. समोरून एका उमेदवाराची रिक्षा आली. भोंग्यातून वैजूचा आवाज. "ओ माय, ओ मावशी, तुमचा वैजू आलाय दारात." आणि पुढं मत कुणाला द्यायचं ते. वैजू रस्त्यात उभाच राहिला. एक भाजीवाला त्याला म्हणाला, "आवाज आला की वापस! लई ब्येस झालं."
वहिनीनं फोनवर सांगितलं. रडत नव्हती. शेवटी एवढंच, "तुमी घरी इचारायला आलतात, तवाच इकला होता का भाऊ?"

२२ नोव्हेंबर
बीड. प्रशांतला घरातून बाहेर बोलावलं. "नमुना म्हणून एका मित्राला दिला होता सर. त्यानं पुढं दिला." मान खाली. मी हात उचलला, मारला नाही. त्याच्या कॉम्प्युटरमधलं सगळं समोर बसून पुसायला लावलं. कामावरून काढलं. परत येताना गावात शिरलो तर वेशीवरच तीच रिक्षा.
पोलिसांत अर्ज द्यायला गेलो. तिथला माणूस म्हणाला, "आवाज चोरीला गेला? म्हंजी नेमकं काय गेलं?"
अर्ज टेबलावर ठेवून निघालो.

२५ नोव्हेंबर
वैजूकडं गेलो. आत टीव्ही चालू होता. वहिनी दारातच म्हणाली, झोपलेत. आत या म्हणाली नाही. पंचवीस-तीस वर्षांत असं...

२९ नोव्हेंबर
शूटिंगच्या वेळी सेटवर रेकॉर्ड झालेला मूळ आवाज काढून ऐकला. नंतर डबिंग करायचंच होतं, म्हणून तो कुणी नीट ऐकलाच नव्हता. वारा, राखेचे टिप्पर, मध्येच रेल्वे. आणि वैजू. शेवटच्या दिवसांकडं जाताना आवाज चिरत गेलाय. एका सीनमध्ये तो बापावर ओरडतो. तिथं आवाज फुटतो, पुढचं वाक्य नुसती हवा.
त्या सीनला आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. अभिनय समजून.

२ डिसेंबर
वैजू आला. एकटा, चालत. प्रशांत वैजूच्या घरी जाऊन पाया पडून कबूल करून आला म्हणे. वैजूनं त्याबद्दल दोन शब्द लिहिले: कळलं मला. माझ्याशी हात मिळवला नाही, खुर्ची ओढून बसला.
मी काही न विचारता मूळ आवाजावर पिक्चर लावला. मध्यंतरानंतरचा सगळा. ओरडण्याच्या सीनला त्यानं हात वर केला. मी सीन मागं घेतला. परत लावला. परत हात. चौथ्यांदा बघून झाल्यावर लिहिलं: हेच ठेव.
म्हणालो, "लोक म्हणतील आवाज खराब हाय."
लिहिलं: खराबच होता.
मग त्याच्या खाली: पण माझा होता.

५ डिसेंबर
वितरकाला फोनवर सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "अहो, प्रेक्षकांना वाटेल थेटरचा स्पीकर फाटलाय. मशीनचा आवाज लावा. नाहीतर तुमची रिलीजची तारीख मी दुसऱ्याला देतो." मागितली थोडी मुदत. चॅनल बघणारे निम्म्यानं कमी झालेत. उद्या अंबाजोगाईला लग्न आहे, कॅमेरा मीच धरणार. पाटी लावली होती तिथंच आलो फिरून.
शबानाला विचारलं काय करू. म्हणाली, "जो वैजूभाई बोले वो." तो बोलत नाही म्हणालो.

८ डिसेंबर
मूळ आवाजाची कॉपी मुंबईला पाठवली. ठरवून नाही. पाठवली.

१० डिसेंबर
मुंबईहून काही नाही. दुपारी वहिनी स्टुडिओत आली. पहिल्यांदाच. बराच वेळ भिंतीवरचे फोटो बघत उभी. मग म्हणाली, "मला पिक्चर नको भाऊ. तुमी कट म्हनल्यावर बी ते आवाज भरायचं मशीन चालूच ऱ्हातं न्हवं का? त्यातलं द्या."
आधी कळलंच नाही.
"डायलॉग नकोत. मधलं."
बसून काढलं. पाणी दे रे. ऊन लई हाय, छत्री धर. जावेद्या, तुझा कॅमेरामन झोपलाय बे. एके ठिकाणी तिलाच फोन लावलेला, "सुमे, जेवलीस का? कावून न्हाई जेवलीस?" हेडफोन कानाला दाबून ती ऐकत होती. तो जेवलीस का म्हणाला तेव्हा तिनं मान हलवली, हो म्हणून.
तिच्या मोबाईलमध्ये भरून दिलं. "ह्यांना सांगू नगा आत्ता," म्हणाली. "मी सांगीन कवा तरी."
तेवढ्यात माझा फोन वाजला. मुंबई. तो टेबलावर तसाच ठेवून तिला रिक्षापर्यंत सोडायला गेलो. येईस्तोवर बंद झाला होता. उलट लावला नाही अजून.