दोन पंप आणि एकच ओळ

प्रिय धाकट्या,

पत्र बघून दचकू नकोस. फोनवर तू ‘ताई, पेशंट बसलेत’ म्हणून सुटतोस. कागदापुढे ती पळवाट चालत नाही.

तुझी लाडकी नात चिमी बरी आहे. काल दुपारी तिचा ऑक्सिजन काढला. मंगळवारी शाळेतून आणली तेव्हा ‘आजी’ एवढं म्हणायला तिला दोनदा श्वास घ्यावा लागत होता. सहा वर्षांची पोर, बरगड्या आत ओढल्या जात होत्या आणि माझी लेक ‘मामाला विचारू का?’ म्हणत होती. मी म्हटलं, मामाला मागाहून विचारू, आधी रिक्षा बघ.

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई तुझ्या निम्म्या वयाच्या असतील. त्यांनी तुझी चिठ्ठी पाहिली. श्वासाच्या दोन्ही पंपांपुढे तू एकच लिहिलं होतंस: ‘लागेल तसा’. त्या म्हणाल्या, हा दमा आहे; निळा धाप लागली की छाती मोकळी करायला, तो लागेल तसा. पण दुसरा आतली सूज आवरणारा, तो रोज, पोर हुंदडत असली तरीही. लेक म्हणाली, खोकला थांबला म्हणून महिनाभर दिलाच नाही. बाईंनी तिला बोल लावला नाही. चिमीला नळकांड्यातून पंप घ्यायला लावला, चुकला, पुन्हा घ्यायला लावला. दहा मिनिटं गेली. तुझ्याकडे दहा मिनिटांत चार पेशंट होतात, ठाऊक आहे मला.

आणि हे तुला माहीत नव्हतं असं म्हणू नकोस! दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला गेलास, तिथून बालदम्याचा तक्ता आणलास आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवलास. आतून! जेवायला बोलावून पान भिंतीकडे तोंड करून मांडावं, तसं. मी म्हटलं होतं, बाहेर लाव. तू हसलास. ‘ताई, अनुभव नावाची गोष्ट असते.’ दमा शब्द लिहिला की आया रडतात म्हणून तू वर्षानुवर्षं ‘ॲलर्जीचा खोकला’ लिहीत आलास. आया रडल्या नाहीत खऱ्या. वाफ, सिरप आणि पुढच्या महिन्यात पुन्हा दारात. मिशनच्या शाळेत सिस्टर आपल्याला म्हणायच्या, आळस नेहमी दयाळूपणाचे कपडे घालून येतो. तेव्हा मला ते कळलं नव्हतं.

आता खरं ते सांगते. बावीस वर्षं तुझ्या दवाखान्याच्या खिडकीत मी बसले. चिठ्ठी हातात घेऊन प्रत्येक आई मलाच विचारायची, ‘हा रोज द्यायचा का हो?’ आणि मी ऐटीत सांगायची, ‘छे, खोकला थांबला की बंद करा, सवय लागते.’ तुझी ओळ वाचून मी माझं शहाणपण त्यात ओतलं. माझ्या लेकीलाही मीच सांगितलं होतं. इस्पितळात ती माझं नाव घेऊ शकली असती. घेतलं नाही.

काल रात्री तू जेवायला गेलास तेव्हा मी येऊन केसपेपर चाळले. वारंवार खोकल्यानं येणारी एकोणीस मुलं निघाली. गठ्ठा तुझ्या टेबलावर ठेवलाय. त्यातल्या पहिल्या आईला आज सकाळी मीच फोन केला आणि म्हटलं, मी तुम्हाला चुकीचं सांगितलं होतं, मुलीला घेऊन या, डॉक्टर नीट तपासून सगळं पुन्हा समजावतील. तिनं विचारलं, ‘उद्या आणू?’ मी हो म्हटलंय. उरलेले अठरा फोन तू करायचेस, स्वतः, आणि मुलं आली की प्रत्येकाला दहा मिनिटं द्यायचीस.

तुझ्यावर चिडलेली, तरीही तुझीच,
ताई