बरं झालं, बंद पडली

९ जानेवारी १९६८, मंगळवार

साकीनाक्यावर माझी मॉरिस गाडी बंद पडली. भर नाक्यात! मागे लॉरीवाला शिव्या घालतोय, मी स्टार्टर ओढतोय — खुर्र, खुर्र, पुढे काही नाही. तेवढ्यात डाव्या मडगार्डला अगदी घासून एक बाई पुढे आली. डोक्यावर पाटी, कडेवर मूल. माझ्यावरच खेकसली, "जीव घेतोस काय रे? दिसत नाय?"

खरंच दिसली नव्हती. अगदी समोर येईपर्यंत ती नव्हतीच. इंजिन चालू असतं तर —

लिहवत नाही.

गाडी ढकलून कडेला घेतली. शेजारच्या चाळीतला धाकू टॅक्सी घेऊन परत येत होता, तो थांबला. म्हटलं, छातीत धडधडतंय. त्याने एक प्रश्न विचारला नाही. टॅक्सी तिथेच उभी केली, मॉरिस गार झाल्यावर चालू केली, मला बाजूला बसवून मरोळला घरी आणलं. मग बसने टॅक्सी आणायला परत गेला. मालवणी माणूस, कमाईची वेळ सोडून!

देवा, तुझे उपकार. गाडी बंद पाडलीस.

१० जानेवारी

बायकोला, हिल्डाला, एवढंच सांगितलं की कॉइल गेली. खोटं नाही ते. तापली की बंद, गार झाली की चालू — कॉइलचंच लक्षण, प्लगला ठिणगी पोचत नाही. प्लगही झिजलेत, गाडी महिनाभर मिसिंग मारतेय, झटके खाते. सगळंच बदलायला हवं.

साहेब विलायतेला कायमचे गेले तेव्हा ही मॉरिस मला देऊन गेले. त्यांच्याकडे ड्रायव्हर होतो तोवर कुणाला साधा धक्का लागला नाही माझ्या हातून. आणि काल!

१३ जानेवारी

एकटाच डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. काचबिंदू.

"मोतीबिंदू असता तर काढला असता. हे गेलं ते परत येत नाही. थेंब घालत राहा, उरलंय ते टिकवायचं." आधी बाजूचं जातं म्हणे, मग समोरचं. गाडीबद्दल मी विचारलं नाही, त्यांनीच सांगून टाकलं, आता चालवायची नाही.

हिल्डाला सांगितलं, चष्म्याचा नंबर वाढलाय.

१४ जानेवारी, रविवार

चर्चमध्ये मिस्साला डोळे मिटून बसून बघितलं. सवय व्हावी म्हणून. नाही जमलं — उघडले.

२० जानेवारी

चंद्रप्रकाशच्या मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानातून निरोप आला, कॉइल मिळाली. बारा व्होल्टची, नवीकोरी. दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी आणली होती, ती मला दिली! "चाचा, त्यांच्याकडे दोन गाड्या आहेत. तुमच्याकडे एकच." चार प्लगही बांधून दिले. माणसं किती चांगली असतात, आणि आपण किती उशिरा बघतो.

२१ जानेवारी, रविवार

आज काम झालं. धाकू सकाळीच बनियनवर हजर. "काय रे बाप्टिस्ट, गाडी किती रडवतलंस?"

आधी बॅटरीची तार काढली. प्लगच्या तारांवर खडूने खुणा केल्या, नाहीतर अदलाबदल होते आणि इंजिन फटाके फोडतं. प्लग एकेक करून काढले. काजळीने काळे, टोकं झिजून बोथट. नव्यांच्या टोकांमधली फट मापायला फीलरची पट्टी घातली — आणि मला ती फट दिसेना. डोळे मिटले. पट्टी ओढताना किंचित अडते, तीच बरोबर फट. बोटांना ठाऊक आहे! चारही असेच लावले. प्लग आधी हाताने फिरवले, पाना शेवटी.

वर बघितलं तर धाकू माझ्याकडेच बघत होता. पाना मुद्दाम माझ्या डावीकडे धरला होता त्याने. मी घेतलाच नव्हता.

"तुका डावीकडचा दिसणा नाय ना रे?" अगदी हळू बोलला.

मी प्लगच्या तारा बसवायला लागलो.

"मी कोणाक सांगूचंय नाय. पण तू आता गाडी हाकू नको. तुझ्या पाया पडतंय."

वयाने माझ्याएवढाच, आणि पाया पडतो म्हणतो. डोळे भरून आले. बरं झालं, तेल पुसायच्या फडक्याने तोंड पुसलं. हिल्डा चहा घेऊन आली ती हसायलाच लागली, "आरशात बघ, कोळसेवाला!"

मग कॉइल. जुनी पट्टीतून सोडवली, नवी बसवली, दोन बारीक तारा, मधे जाड तार. बॅटरी जोडली. स्टार्टर ओढला — पहिल्याच झटक्याला! शिवणयंत्रासारखी चालते. धाकू ओरडला, "झकास!" बराच वेळ तापवली. बंद पडली नाही.

आणि तेव्हा लक्षात आलं. आता ही मला वाटेत थांबवणार नाही. थांबायचं ते मीच.

चावी काढली, हिल्डाच्या हातात दिली.

"हे काय?"

"तू शिक. मी बाजूला बसतो."

वाटलं होतं, या वयात काय, लोक काय म्हणतील, असं काहीतरी म्हणेल. चावी पदराला पुसली, म्हणाली, "बरं. पण ओरडायचं नाही." का, कशाला, काही नाही!

४ फेब्रुवारी

आरेच्या रस्त्यावर हिल्डाचा पहिला धडा. मी ओरडलो. ती म्हणाली, "आणखी ओरडलास तर उतर आणि चालत ये." एका म्हशीसाठी हॉर्न न वाजवता खाली उतरून तिला समजावून आली. खूप दिवसांनी पोट दुखेपर्यंत हसलो.

२ मार्च

सांगून टाकलं हिल्डाला. डॉक्टर, काचबिंदू, नाक्यावरची बाई, सगळं.

"माहीत आहे," म्हणाली. भाजी चिरतच होती. "नाताळात नेवऱ्यांची बशी तुझ्या डाव्या हाताशी होती आणि तू मला नेवऱ्या मागत होतास."

"मग बोलली का नाहीस?"

"तू कधी सांगतोस बघत होते. रात्री नीट झोप लागत नव्हती मला."

नंतर कांदा चिरायला घेतला तिने. आज कांद्याची काही गरज नव्हती.

हिच्याबरोबर लग्न लावून दिलं त्या सगळ्यांचं भलं होवो.

१६ नोव्हेंबर १९६९

हे हिल्डाचं अक्षर. त्याला आता वहीतली ओळ दिसत नाही. तो सांगतो, मी लिहिते. लिही म्हणतो — आज मनोरीला जाताना मार्व्याच्या होडीच्या धक्क्यापर्यंत हिल्डाने उत्तम गाडी चालवली.

उत्तम कसली! दोनदा गियर खरडला. म्हटलं, ऐकलंस की तू.

"ऐकलं," म्हणाला. "तू लिही."